मन्मथअप्पांचा दोरा

दात काढताना माणूस बोंबलला तर मन्मथअप्पांना काही वाटायचं नाही. उलट बरं वाटायचं. माणूस गप्प पडला की मात्र त्यांच्या हातातली पक्कड जागच्या जागी थांबायची, कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांतून घाम वाट काढायचा, आणि ते खुर्चीवर वाकून विचारायचे, "हाय का?"

आता तोंडात पक्कड असलेला माणूस काय कप्पाळ उत्तर देणार? त्याची सोय अप्पांनी करून ठेवली होती. खुर्चीत बसलं की आधी ते तुमच्या बोटाला सुती दोरा बांधायचे. तो दोरा वर आढ्याच्या कडीतून जाऊन एका पितळी घंटीला पोचायचा. अप्पांनी "हाय का?" विचारलं की आपण दोरा ओढायचा. घंटी वाजली की काम पुढं. नाही वाजली, की पक्कड बाहेर, तोंडावर पाण्याचा हबका, आणि त्या दिवसाचं काम बंद. मग तुमचा दात अर्धा हललेला असो, नाही तर लोंबत असो.

ती घंटी मी केलेली. म्हणून तर हे सगळं सांगायचा मला हक्क आहे.

मी नारायण तांबट. जिंतूरच्या बाजारगल्लीत आमचं भांड्यांचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून अप्पांचा दातांचा दवाखाना. निजामाचा अंमल होता. कचेरीत उर्दू, घरात मराठी, आणि बाजारात ज्याच्या तोंडी जी येईल ती. आमच्याकडं दिवसभर हातोडीची ठाकठूक, आणि शेजारच्या या गृहस्थाला हवी शांतता. तांबटाच्या शेजारी दवाखाना काढायला यांना कुणी सांगितलं होतं? सुरुवातीला आमचं रोज वाजायचं. अप्पा माझ्या दारात येऊन उभे राहायचे आणि हात जोडून म्हणायचे, "नारायणा, जरा दम धर. माणूस सुस्तीवर आणलाय."

मी म्हणायचो, अप्पा, घागर तापलीय, ती काय तुमच्या सुस्तीसाठी थांबणार हाय? पण थांबायचो. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस, गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग, आणि इतक्या गरीब तोंडानं हात जोडणारा. अशाशी भांडलं की आपलंच जेवण आपल्याला गोड लागत नाही.

सुस्ती हा त्यांचा लाडका शब्द. त्यावर ते कीर्तनकारासारखे बोलायचे. झोप वेगळी आणि सुस्ती वेगळी, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावून सांगितलं की मी झोपेत सांगितलं असतं. झोपलेल्याला दुखत नाही हे त्यांना मान्य होतं. पण झोपलेला कुठं गेला हे आपल्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुस्तीतला माणूस आपल्याजवळच बसलेला असतो, नुसता भ्यायचं विसरलेला असतो. हे सांगून झालं की शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "माणसाला कळू द्यावं नारायणा, पण भिऊ देऊ न्हाई."

जिंतुरात तोवर दात काढायची पद्धत सोपी होती. दोघांनी धरायचं आणि एकानं ओढायचा. अप्पा मात्र हैदराबादेला एका उस्तादाच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांच्या काचेच्या कपाटात लवंगेचं तेल होतं, हिरडी बधिर करायच्या सुईच्या औषधाच्या इवल्याशा कुप्या होत्या, ब्रोमाइडचं खारट पाणी होतं, क्लोरलचं गोड सरबत होतं. आणि खालच्या फळीवर आपल्या घरचं जायफळ. भित्र्या माणसाला ते आदल्या संध्याकाळपासून जायफळ उगाळलेलं दूध प्यायला सांगायचे. मी चिडवायचो, अप्पा, एवढं हैदराबादेला जाऊन शेवटी श्रीखंडाचंच सामान आणलंत. ते म्हणायचे, "ज्यानं जीव निवतो ते औषध."

नवीन औषध आलं की आधी स्वतः घेऊन बघायचं, असा त्यांचा नेम. आणि ते घेतल्यावर त्यांच्यावर नजर कुणी ठेवायची? मी. दुपारच्या वेळी ते खुर्चीत बसायचे, बोटाला दोरा बांधायचे, औषध घ्यायचे, आणि मी समोर बसून मधूनमधून "हाय का?" विचारायचं. वर जिंतूरपासून परभणीपर्यंतची गावं ओळीनं म्हणून घ्यायची. ब्रोमाइडच्या दिवशी बोरी, झरी, परभणी असं सगळं सुरळीत आलं. क्लोरलचं माप जरा जास्त झालं त्या दिवशी अप्पा बोरीपर्यंत नीट गेले आणि पुढं त्यांना रस्ताच सापडेना. बोरीहून निघायचे आणि पुन्हा बोरीलाच यायचे. मी हसून हसून बेजार. पण सुस्ती उतरल्यावर ते हसले नाहीत. बाटलीवर खडूनं खूण केली आणि म्हणाले, "ज्या औषधानं माणूस घरचा रस्ता इसरतो, ते जास्त झालं."

या घरच्या रस्त्यावरच त्यांचा सगळा इलाज उभा होता. औषध अर्धं, रस्ता अर्धा. खुर्चीत बसलेल्याला ते आधी विचारायचे, कुठला तू? घरला कसा जाशील? तो सांगायचा, इथनं असं, मग ओढा, मग म्हसोबा, मग चिंच, मग आमच्या शेतातली आखाडी. अप्पा ते नीट ऐकून घ्यायचे. मग सुई द्यायची, थोडं थांबायचं, आणि पक्कड तोंडात गेली की अप्पा त्या माणसाला त्याच्या घरी घेऊन निघायचे. आवाज अगदी खाली आणलेला. "आता गाव मागं पडलं. ऊन उतरलंय. ह्यो ओढा आला. पाणी गुडघ्याएवढं हाय. हाय का?" वर घंटी वाजायची. "म्हसोबा आला. शेंदूर लावायलंय कुणीतरी. हाय का?" पुन्हा घंटी. माणसाच्या मुठी हळूहळू सुटायच्या, खांदे खाली यायचे. घर यायच्या आत दात ताटलीत.

बोरीची एक म्हातारी तर या गोष्टीवर भांडली. दात निघाला म्हणून अप्पा थांबले, तर ही खुर्चीतून उठेना. म्हणाली, अजून ओढाच ओलांडला न्हाई, मला असं मधीच कामून सोडायलास? अप्पांनी बिचाऱ्यांनी तिला तिच्या दारापर्यंत नेऊन पोचवलं, तेव्हा कुठं ती उठली.

शिंदी पिऊन धीर गोळा करून येणारेही असायचे. त्यांना अप्पा खुर्चीला हातच लावू देत नसत. "हा आधीच गावाला गेलाय, ह्याला आनखी कुठं नेऊ?" असं म्हणून ओट्यावर बसवून ठेवायचे, उतरेपर्यंत.

एकदा त्यांनी मुंबईहून हसायचा वायू मागवला. रेल्वेनं परभणीला, तिथून मोटारीच्या टपावर जिंतूरला. हा एवढा लोखंडी नळा, डोक्याकडून गोल. त्यासाठी नाकावर बसवायची तांब्याची वाटी मी ठोकून दिली, आणि आपण केलेली वस्तू म्हणून पहिला मान मीच मागून घेतला. ही माझी अक्कल. दोन श्वास घेतले आणि मला जे हसू फुटलं, ते आवरेना. त्या वेळी माझे सासरे काही कामानं दुकानात आले होते, आवाज ऐकून तेही इकडं डोकावले. मी त्यांच्याकडं बोट दाखवून असं काही बोललो म्हणे, की पुढं दोन दिवाळ्या सासरचं कुणी आमच्याकडं फिरकलं नाही. काय बोललो ते आमच्या बायकोनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पण अप्पांची हरकत वेगळीच. ते मला "हाय का?" विचारत होते आणि मी नुसता हसत होतो, दोरा ओढतच नव्हतो. त्यांनी तोटी बंद केली, वाटी काढून घेतली, मला ओट्यावर उघड्या हवेत आणून बसवलं. "हसायलाय, पण हाकेला ओ देईना. असलं आपल्याला नको." झालं. तो नळा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा राहिला तो कायमचा.

आता दुसऱ्या घंटीकडं येतो. तीही मीच केलेली. पहिलीपेक्षा लहान, बारीक आवाजाची.

अप्पांच्या घरात माणसं दोनच. ते आणि वैनी. वैनींचं नाव महादेवी, माहेर पाथरीचं. त्या दवाखान्यामागच्या खोलीत बाजेवर असायच्या. त्यांना बोलता यायचं नाही, उजवं अंग चालायचं नाही. ऐकू मात्र सगळं यायचं, आणि डावा हात चालायचा. अप्पांनी भिंतीला भोक पाडून एक दोरा आत नेला होता आणि त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला बांधला होता. त्या दोऱ्याची घंटी दवाखान्यात, भिंतीवर. रोग्याला एकदा "हाय का?" विचारून झालं की अप्पा मान वर करून भिंतीकडं तोंड करायचे आणि तेच पुन्हा विचारायचे. आतून बारीक घंटी वाजायची. मगच हात पुढं चालायचा. वैनी उपजत मुक्या असाव्यात, नाही तर वारं गेलं असावं अंगावरून, असं गल्लीतले सगळे धरून चालले होते. मीही. विचारायचं धाडस कुणाला झालं नव्हतं.

खेड्यापाड्यातून येणाऱ्या रोग्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांना दिसायचं काय, तर डॉक्टर भिंतीला विचारतो आणि भिंत उत्तर देते. आणि त्या भिंतीपाशी उभा कोण, तर तो गोल डोक्याचा काळा नळा. झालं की. बोरीकडच्या लोकांनी ठरवून टाकलं की हा दातांचा महादेव, आणि ह्यानं घंटी दिल्याशिवाय डॉक्टर दात उपटत नाही. बायका येताना बेलपान आणायला लागल्या. एकानं नारळ फोडला, तोही नळ्यावरच. रिकामा असता तर गोष्ट वेगळी, आत वायू भरलेला. अप्पा पांढरे फटक. त्यांनी आयुष्यभर गळ्यातल्या शिवलिंगापलीकडं दुसरा देव पुजला नव्हता, आणि त्यांच्या दवाखान्यात रोज लोखंडाला बेल वाहायलेत. मी म्हटलं, सांगून टाका ना एकदा खरं. तर भिंतीकडं बघत म्हणाले, "वाहू दे. त्या बेलाचा वास आत जातो. तिला बरं वाटतं."

असं चाललेलं असताना एक दिवस आमचे तहसीलदार साहेब आले.

मला आधी कळलं ते त्यांच्या शिपायामुळं. त्यानं दुकानात येऊन माझी हातोडीच धरली. साहेब आलेत, ठोकाठोकी बंद. मी दुकान तसंच टाकून अप्पांच्या दारात जाऊन उभा राहिलो. साहेब बिदरकडचे, धिप्पाड माणूस, तालुका त्यांना चळाचळा कापायचा. त्या दिवशी गाल असा सुजलेला, डोळे लाल, आणि खुर्चीकडं ते बकरं खाटकाकडं बघतं तसं बघत होते. सोबत सरकारी दवाखान्यातून आणवलेली क्लोरोफॉर्मची बाटली. शिपायानं ती टेबलावर ठेवली.

साहेब म्हणाले, "अप्पा, हमें कुछ मालूम नै होना. आंख खोले तो दांत बाहर रैना."

अप्पांनी हात जोडले. म्हणाले, झोपेचं काम इथं होत नाही साहेब. सुई देतो, सुस्ती देतो, तुम्ही जागे राहाल पण त्रास होणार नाही. साहेबांना ते काही पटेना. त्यांना जागं राहायचंच नव्हतं. ठणक्यानं माणूस हैराण झालेला, त्यात नाही ऐकायची सवय नाही. आधी समजावलं, मग आवाज चढला, आणि शेवटी स्पष्टच सांगितलं. या औषधांचा परवाना कचेरीतून मिळतो. आज काम झालं नाही तर संध्याकाळी दवाखान्याला कुलूप. शिपायाला कुलूप आणायला पाठवलंसुद्धा.

दवाखाना गेला तर हा माणूस खाणार काय, आणि आतली ती बाई? मी मागून खुणा करत होतो, अप्पा, द्या की थोडं हुंगायला, तुमचं काय जातं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते त्या बाटलीकडं बघत होते. मग त्यांनी साहेबांना म्हटलं, अंदर चलिए, एक मिनिट. आणि मलाही म्हणाले, तू बी ये.

इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या खोलीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. वैनी बाजेवर लोडाला टेकून बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, कपाळाला भस्म, अंगावर धुतलेलं इरकल. बोटाला दोरा. आम्हाला बघून त्यांनी डाव्या हातानं पदर सावरला.

साहेबांना मराठी चांगलं कळायचं. अप्पा मराठीतच बोलले, आणि साहेबांशी नव्हे, वैनींकडं बघून बोलले.

"उस्तादाच्या हाताखाली शिकायलो होतो. लगीन होऊन वरीस न्हवतं झालं. हिची दाढ दुखायली. लय भ्याली होती. उस्ताद म्हणले, सुई देतो, तू हिच्याशी बोलत बस, निघून जाईल. मीच ऐकलं न्हाई. मीच म्हणलो, क्लोरोफॉर्म द्या. मला वाटलं, हिला काही कळूच नये."

वैनींच्या बोटाचा दोरा त्यांनी सरळ केला.

"दाढ निघाली. ही उठलीच न्हाई. उठली तवा अर्धीच उठली."

मला स्वतःचाच राग आला, इतके दिवस ज्या "हाय का?"ची मी टिंगल करत होतो ती आठवून. वैनींनी मात्र आपला हात थोडा हलवला. बाहेर दवाखान्यात बारीक घंटी वाजली. अप्पा लगबगीनं त्यांच्याकडं वळले. बहुतेक त्यांना एवढंच सांगायचं होतं, की पुरे आता.

साहेबांनी कपाळाला हात लावून वैनींना आदाब केला आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. कुलूप घेऊन आलेल्या शिपायाच्या हातात बाटली दिली, कुलूपही त्याच्याकडंच राहू दिलं. मग आपण होऊन बोट पुढं केलं. अप्पांनी दोरा बांधला. विचारलं, कुठं जायचं साहेब? साहेब म्हणाले, बिदरला, अम्मीच्या घरी, अंगणात डाळिंबाचं झाड आहे. अप्पा त्यांना घेऊन निघाले. एवढा दांडगा माणूस, पण डाळिंबापाशी पोचल्यावर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अप्पांनी पक्कड थांबवून विचारलं, दुखायलंय का? साहेबांनी मान हलवली, नाही. मग अप्पांनी भिंतीकडं तोंड करून "हाय का?" विचारलं, आतून घंटी वाजली, आणि साहेब उघड्या तोंडानंच म्हणाले, "जी." पुढं प्रत्येक घंटीला "जी." दाढ निघाली तेव्हा टांग्यात जाऊन बसले ते बोटाला दोरा तसाच, आणि वरची घंटी कडीसकट खाली. मला ती पुन्हा बसवावी लागली.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. मग निजामाचं राज्य जायच्या आदल्या हिवाळ्यात वैनी गेल्या. दुपारी अप्पा एकाची दाढ काढत होते. भिंतीला विचारलं, घंटी वाजली नाही.

त्यांच्या लिंगायतांत मयताला बसवून माती देतात. वैनी बसल्या होत्या तशाच, लोडाला टेकून बसायच्या तशा. माती लोटायच्या आधी अप्पा त्यांच्यावर वाकले. मला वाटलं, आता विचारणार. मी तोंड फिरवलं. पण त्यांनी विचारलं नाही, नुसता बोटाचा दोरा सोडून घेतला.

दवाखाना महिन्याभरानं उघडला, पण काम होईना. सुई द्यायचे, रस्त्याला लागायचे, रोग्याला विचारायचे, तो घंटी वाजवायचा. मग सवयीनं मान वर जायची, भिंतीला विचारायचे, आणि उभे राहायचे. भिंत गप्प. पक्कड बाहेर यायची, आणि त्या दिवसाचं काम बंद. नियम म्हणजे नियम. लोक अर्धे हललेले दात घेऊन परत जायला लागले. बोरीकडं बोभाटा झाला की जिंतूरचा महादेव रुसला. काही जण पुन्हा जुन्या पद्धतीवर गेले, दोघांनी धरायचं आणि एकानं ओढायचा. मी अप्पांना कितीदा म्हटलं, अहो, एकदाच विचारत जा. ते म्हणायचे, "मी एकदाच इचारतो रे. दुसऱ्यांदा तोंडच इचारतं."

ते जेवायचे की नाही कोण जाणे. आमची बायको डबा भरून द्यायची, तो निम्मा परत यायचा. भिंतीपलीकडून आवाज म्हणून येईना. एके काळी मी हातोडी थांबवायचो, आता मुद्दाम जोरात ठोकायला लागलो, निदान भांडायला तरी येतील म्हणून. आले नाहीत.

आणि अशात माझीच दाढ ठणकायला लागली. सोंग नव्हे, खरीच. दोन दिवस लवंग धरून काढले, तिसऱ्या दिवशी गेलो. बायको म्हणाली, ते अर्ध्यात सोडतील, परभणीला जा. मी म्हटलं, सोडतील तर सोडतील.

अप्पांनी मला बसवलं. सुई दिली. दोरा बांधताना विचारलं, कुठं जायचं?

मी म्हटलं, अप्पा, माझं घर भिंतीपलीकडं. मला कुठं नेता?

त्यांनी थोडा विचार केला. "मग चल, पाथरीला जाऊ."

निघालो. हिरडी जड झाली होती, तोंडात पक्कड होती, आणि अप्पांचा आवाज खाली खाली चालला होता. कापसाच्या गाड्या लागल्या. सेलूची जिनिंग आली. गाड्यांची रांग, बैल सोडलेले. हाय का? मी दोरा ओढला. वर माझ्या हातची घंटी वाजली. आणि त्यांची मान वर गेली.

"हाय का?"

भिंत गप्प. कोपऱ्यातला नळा गप्प, त्याच्यापुढचा बेल सुकून गेलेला. अप्पा तसेच उभे. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हनुवटी दिसत होती आणि गळ्यातली चांदीची डबी वरखाली होताना दिसत होती. दाढेवरची पक्कड सैल झाली. आता ती बाहेर येणार, आणि हा माणूस आज परत आत जाऊन त्या रिकाम्या बाजेशेजारी बसणार.

मी काय विचार केला ते मला माहीत नाही. विचार केलाच नाही. माझं बोट हललं. हलकेच, जेमतेम वाजेल इतकं.

अप्पा वळले नाहीत. भिंतीकडं तोंड करूनच बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, चुकलंच आपलं, आता हा माणूस आपलं तोंड बघणार नाही. मग त्यांचा आवाज आला.

"ती ह्याच्यापरीस हळू वढायची."

तोंडात पक्कड, मी काय बोलणार. डोळ्यांनीच हो म्हटलं.

पक्कड घट्ट झाली. दुधना नदीचं पात्र आलं. वाळू गार आहे, चपला हातात घ्या. हाय का? मी एकदा माझ्यासाठी ओढला. हाय का? मी पुन्हा ओढला, आणखी हळू. दाढ कडकन हलली ते मला चांगलं कळलं. भीती मात्र वाटली नाही. मी ठोकलेल्या तांब्याच्या ताटलीत ती पडल्याचा आवाजही मी ओळखला. काम संपलं होतं. अप्पांनी कापूस दाबला, पक्कड खाली ठेवली, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले. पण दोरा काही सोडला नाही.

"पाथरीची वेस आली," ते म्हणाले. "हितं चिंच हाय. हिच्याखाली ती खेळायची. हाय का?"

दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, बायको दोनदा हाक मारून गेली. पाथरीला तिच्या दाराशी पोचेपर्यंत मी दोरा सोडला नाही.